प्रक्षिप्त

खणभागातल्या छापखान्यात मी प्रुफं तपासायचो.
लग्नपत्रिका, हळदीच्या सौद्यांची पावतीपुस्तकं,
आणि वर्षातून दोनदा
‘अगस्ती-सात’च्या कादंबऱ्या, किंमत सहा रुपये,
मुखपृष्ठावर यान. ते जरा इस्त्रीसारखं दिसायचं.

मालिका दर गुरुवारी, रात्री साडेआठला.
पुस्तकं लिहायचे बाबगोंडा मगदूम,
मार्केट यार्डात तोलाईचे कारकून,
नखांत बारा महिने पिवळं.
मुंबईहून त्यांना टंकलिखित एक पान यायचं:
कोण जिवंत, कोण मेलं, कुणाचं लग्न लावायचं नाही.
बाकीचं अंतराळ मगदुमांचं.

मी वही घातली. मध्ये उभी रेघ.
डावीकडं पडद्यावरचं, उजवीकडं पुस्तकातलं.
पडद्यावर डॉक्टर वसुधा डावखुरी, पुस्तकात उजवी.
पडद्यावर यानाला सात खिडक्या, पुस्तकात एक,
तीही पावसाळ्यात फुगून बसलेली.
विचारलं, तर म्हणाले,
“गुरुवारी आमच्याकडची लाइट जाते हो.
शेजारचं पोरगं सांगतंय तेवढं घेतो,
उरलेलं अंधारात बघतो.”

अकराव्या भागात वसुधा
बर्फाच्या चंद्रावर मागं राहिली.
दार मिटलं, साबणाची जाहिरात लागली.
पुढं यानावर तिचं नाव कुणी काढलं नाही.

तिसऱ्या पुस्तकात मात्र ती जगली.
हरिपूरला हळदीसाठी खणायचे
तसं पेव खणलं तिनं बर्फात,
आणि उतरायच्या आधी कंदील सोडून हवा बघितली.
मी समासात लिहिलं: तिथं कंदील पेटेल कसा?
प्रूफ परत आलं. खाली त्यांचं बारीक अक्षर:
पेटला नाहीच. म्हणून तर ती लगेच उतरली नाही.
नीट वाचा.

सहा वर्षांनी मालिका पुन्हा सुरू झाली.
पहिल्याच भागात वसुधाचं गोठलेलं शरीर,
अर्धा मिनिट, मागं सनई.
आठवड्यानं पत्र: पुस्तकांतील घटना
मालिकेस बंधनकारक नाहीत.
चौथ्या पुस्तकाचं बाड
मगदुमांनी कापडी पिशवीत घातलं, पिशवी सायकलला अडकवली,
चहाचे पैसे त्या दिवशी त्यांनीच दिले.

माझे वडील कीर्तन करायचे.
पंडितांनी प्रक्षिप्त म्हणून बाहेर काढलेल्या ओव्या
ते मुद्दाम म्हणायचे,
आणि माणसं नेमकी तिथंच मान डोलवायची.

पाण्यानं पात्र सोडलं की
आयर्विन पुलावरची पट्टी सांगेल तो आकडा खरा,
रेडिओवर तोच, कलेक्टरच्या कागदावर तोच.
आमच्या बोळात मात्र
आवट्यांची तिसरी पायरी, मग खिडकीचा गज,
मग छापखान्याचा दुसरा फळा,
जिथं शिल्लक पॉकेटबुकं होती.
लगदा आम्ही घमेल्यानं काढला.
यानाचा निळा रंग हाताला लागला, चार दिवस गेला नाही.

मगदूम त्याच्या आधीच गेले होते.
बाडाचं त्यांच्या सुनेला विचारलं.
पाठकोऱ्या कागदांवर पोरांनी गणितं केली म्हणाली.

परवा मुजावरांची शाकिरा आली,
कवठेमहांकाळला हायस्कुलात विज्ञान शिकवते.
लहानपणी टीव्ही नव्हता घरात,
तीन पुस्तकं होती, तिसऱ्याला कव्हर नव्हतं.
चौथं आहे का, म्हणाली.
नाही म्हटलं.
जाता जाता उंबऱ्यात थांबली:
“मालक म्हणतात डॉक्टर वसुधा डावखुरी होती.
उजवीच होती ना?”

वही माळ्यावर होती, रेघेसकट.
छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या,
पगार त्याचाच घेतला.

“उजवी,” म्हटलं.
“आणि जपून जा, बाहेर पायरी मोडकी आहे.”