जेटीच्या दिव्यांचा टायमर

खाऱ्या वाऱ्याने पेटीचा पत्रा पापुद्रे सोडतो.
आत चकती, कडेला लाल-निळ्या खुंट्या,
पाव तासाच्या खाली तिला काही कळत नसे.
कान लावला तर कुरकुर,
वाशात भुंगा शिरल्यासारखी.

लाइट गेली की हा थांबायचा,
आली की जिथे राहिला तिथून पुढे.
वादळानंतर एकवीस दिवस तो रात्री अडीचलाच होता.
मग एका भर दुपारी बाराही दिवे लागले,
आणि टोपलीतल्या बोंबलांवरून हात न काढता
द्रुपदा पावसे म्हणाली,
"नझीर, याची येक रात ऱ्हायली व्हती बघ."

नव्याला बॅटरी आहे.
बटणं बारीक, बोट माझं जाड,
दोनदा सगळं पुसलं गेलं.
तो आधी वार विचारतो.
गुरुवार, दाबलं.
आता वीज जावो, येवो,
त्याचं मिनिट चुकायचं नाही.

सहा एकावन्न. दिवे लागले.
आंजर्ल्याकडची होडी अजून यायची होती.

जुना पिशवीतून घरी आणला.
जेवण झाल्यावर चकती बोटाने फिरवली,
सातच्या खुंटीपर्यंत.

खट्.

कुठेच काही लागलं नाही.