स्ट्रायकर

रविवार. भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणारी लाँच.
रात्रशाळेचे अकरा जण, आणि दोन पिंपांवर
काठाला काटकोनात लावलेला कॅरम.

फळ्यावर हे तीनदा शिकवून झालं होतं.
तिन्ही वेळा नौशाद झोपला.
दारूखान्यात दिवसभर जहाजं तोडून आलेल्याला
कुठल्या तोंडानं उठवू?

आज तोच खेळतोय.
स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून
परत त्याच्या बोटाशी.
"सरळ गेला, सरळ आला. यात काय, बाई?"

धक्क्यावर मागे राहिला त्याला विचार.
जाताना लाँच सरकली, येतानाही सरकली;
त्याला दिसली एक तिरकी रेघ, मग दुसरी,
शिडाच्या दोन कडांसारखी.

"लांबचा रस्ता. मग वेगही जास्त," योगिता म्हणाली.
बरोबर. स्ट्रायकरला लाँच आपला वेग उसना देते.
आता त्याच्या जागी उजेड ठेव.
उजेड कुणाकडून काही उसनं घेत नाही.

इंजिन धडधडत राहिलं.
कुणीतरी शेंगांची पुडी सोडली, तशीच धरून बसलं.

"रस्ता लांब, वेग तोच..."
नौशादच्या बोटांवर पावडर होती.
"म्हणजे त्याला वाटणार,
आपलं घड्याळ हळू चाललंय?"

मी काही बोलले नाही. बोलता आलं नाही.

"मग माझे बाबा?" हर्षाली तांडेल.
सुकाणूवर तिचे वडील. तीस वर्षं, रोज आठ तास.
तिकिटाच्या पाठीवर हिशोब केला:
सेकंदाचे शंभर कोटी तुकडे कर,
त्यातले चव्वेचाळीस. तेवढे ते तरुण राहिले.

"बस्स?"
तिचा चेहरा पडला.

तेवढ्यात उजेड, म्हटलं, लाँचच्या टोकापासून
तुझ्या बाबांपर्यंत पोचतो.

ती उठली. टोकाला गेली.
पावलं मोजत, माणसांना, टोपल्यांना,
एका बांधलेल्या बोकडाला ओलांडत आली.
सतरा.

बाबांच्या कानाशी काहीतरी सांगितलं.

"तरना?" तांडेल हसले. "मंग ही कंबर कोनाची?"
बुचर बेटाकडे बघत त्यांनी सुकाणू जरा वळवलं,
आणि सवयीनं मनगट पाहिलं.

त्यांचं घड्याळ, तसंही,
सात मिनिटं पुढे असतं.