घर बंद, मीटर चालू

डार्लिंग्टनच्या इस्पितळामागे, कार पार्कात,
मंगळवारी एक ट्रेलर येऊन उभा राहतो.
एरवी असल्या ट्रेलरमधून बटाटे येतात, नाहीतर फ्रिज.
ह्याच्यात एक पांढरं कडं आहे
आणि एका माणसाला आडवं होण्यापुरती जागा.

मी टिपणीस. बत्तीस वर्षं मीटर टिपले,
आडनावाला जागलो म्हणा.
लोकांच्या जिन्याखालच्या फडताळात गुडघ्यांवर बसून,
टॉर्च दातांत धरून,
व्हॅक्यूम क्लीनर आणि ख्रिसमसच्या खोक्यांमागचे आकडे.
कुत्री ओळखायची मला. माणसं क्वचित.

एकदा एका कुलूपबंद घरात
(म्हातारी लेकीकडे, चावी शेजारणीकडे)
गॅसच्या मीटरची तबकडी फिरत होती,
हळू, अगदी हळू.
शेगडी बंद. बॉयलर बंद. तरी फिरत होती.
आपल्याकडे पाणी मुरतं; तिथे गॅस मुरत होता.
मी बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिलो.

माझं तसंच झालंय.
प्रोस्टेट काढून सात वर्षं झाली, घर रिकामं केलं,
रक्तातला आकडा शून्याला टेकला,
त्या दिवशी कुमुदने शिरा केला.
मग शून्य पूर्णांक एक. मग दोन.
परवा चार.
घर बंद, मीटर चालू.

"मिस्टर टिप-निस?"
बेथनी नावाची पोरगी जड डबीतून सिरिंज काढते,
सराफाने नथ काढावी तशी.
"गॅलियम. अडुसष्ट मिनिटांत अर्धं होतं,
पुढच्या अडुसष्टांत त्याचं अर्धं."
म्हणजे संपत कधीच नाही?
ती घड्याळाकडे बघते. "रात्रीपर्यंत संपलं म्हणा.
तोवर लहान पोरांना मांडीवर नको."

आता ते माझ्या आत दारोदार फिरतंय,
गळ्यात ओळखपत्र घालून.
ज्या दाराला ती एक विशिष्ट कडी आहे
तिथेच थांबायचं, एवढंच त्याला ठाऊक.
मी हात डोक्यावर घेऊन पडलोय,
पोलिसांनी पकडल्यासारखा.

संध्याकाळी इरा काचेच्या दाराला नाक लावून उभी.
"आजोबा, तुम्ही चमकता का?"
दिवा घालव आणि बघ, म्हटलं.
तिने खरंच घालवला.

नऊ दिवसांनी पडद्यावर एक राखाडी माणूस.
मूत्रपिंडं पेटलेली, मूत्राशय पेटलेलं, जबड्याखाली दोन गोळे.
"हे सगळ्यांचंच उजळतं," डॉक्टर हेदरिंग्टन म्हणाले.
आणि हे? डोळ्यांपाशी, दोन ठिपके?
"अश्रुग्रंथी. त्याही घेतात.
रडलं नसलं तरी."
कुमुद पर्सची चेन उघडत-लावत राहिली.

"फासळीवर जरा धूसर दिसतंय. पडला होतात कधी?"
पडलो होतो. ब्याण्णव साली, स्टॉकटनला, एका तळघरात.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं.

"आणि हा." ओटीपोटात, डावीकडे,
मसुरीच्या दाण्याएवढा.
एकच.
पाच वेळा किरण, नेमके तेवढ्यावर.
मग पुन्हा रक्त. मग पुन्हा आकडा.
मी खिशातल्या वहीत टिपून घेतलं, सवयीने,
तारीख आधी, वाचन नंतर.

आमच्याकडे आता स्मार्ट मीटर आहे.
स्वतःच स्वतःचा आकडा कळवतो, कोणी येत नाही.
तरी काल रात्री जिन्याखाली वाकलो टॉर्च घेऊन.
कुमुद म्हणाली, काय हरवलंय?

त्या म्हातारीकडची गळती सापडली होती शेवटी.
लाकडी जमिनीखालचा एक सांधा, पाव आटा सैल.
फिटरने आवळला.
तबकडी थांबली का, ते बघायला मी गेलो नाही.
दुसऱ्या दिवशी दुसरी गल्ली होती.