लाल शाईची रात्र

मंगळवारी साडेदहाला, टॉडमॉर्डनच्या
मेथडिस्ट चर्चमागच्या हॉलमध्ये
आम्ही सातजणी आणि एक मिस्टर अॅक्रॉइड
मोठ्या माणसांची चित्रं रंगवत बसतो.
हीटर खोकतो. बिस्किटांचा डबा फिरतो.
खिडकीतला डोंगर कालच्यासारखाच ओला.

बेरिलनं पहिल्याच दिवशी बजावलं :
मार्कर नको बाई, कागद पातळ आहे,
नोहाच्या पुराला निळा दिलास
तर मागच्या पानावरचा योना बुडेल.
पानाखाली जाड पुठ्ठा सरकव.
जेल पेन सुकेपर्यंत हात अधांतरी धर.
मी डावखुरी. माझ्या मनगटाला
देवदूतांचं सोनं महिनाभर चिकटून होतं.

स्वस्तातल्या पेन्सिली पाटीवरच्या लेखणीसारख्या,
कितीही घासा, कागद ढिम्म.
मऊ हवी, मेणाची, थरावर थर झेलणारी,
आणि सरतेशेवटी वरून पांढरी फिरवायची,
हलक्या हातानं, गोल गोल,
पेशंटच्या पाठीला पावडर लावतात तशी.
हे शेवटचं बेरिल नाही म्हणाली. मी म्हणाले, मनात.

लेकानं साठीनंतरच्या कुठल्याशा वाढदिवसाला
ब्रिस्टलहून पत्र्याचा डबा धाडला, बहात्तर रंगांचा.
उघडला आणि बावचळले.
एकट्या हिरव्यालाच अकरा नावं!
माझी उमेदीची वर्षं तीन शायांत गेली.
मिरजेच्या मिशन इस्पितळात
दिवसपाळी निळ्यानं लिहायची,
संध्याकाळ हिरव्यानं,
रात्र लालनं.
ताप, नाडी, लघवी, किती वाजता गेला.
जाणारे बहुतेक चारच्या सुमारास जात,
म्हणून माझ्या वहीत मरण लाल आहे.
रक्ताचा त्यात काही संबंध नाही.
पुढे इकडे आले, हॅलिफॅक्सला,
तर इथे चोवीस तास काळी शाई.
कुठली पाळी कुणाची, ओळखूच येईना.

मागच्या मंगळवारी बागेचं पान आलं.
जैतुनाची झाडं, वाकडी, म्हातारी.
तिघे झोपलेले.
एकटा जागा, गुडघ्यांवर.
वर वेलबुट्टीच्या चौकटीत कोरं आकाश.

सगळ्यांनी गडद निळी उचलली,
डब्याच्या झाकणावर तिचं नाव ‘मध्यरात्र’.
मी लाल घेतली.
ठरवून नव्हे. हात गेला.

झोपलेल्यांवर मला कधी रागावता आलं नाही.
मीही टेकलंय डोकं टेबलावर, घटकाभरच,
कंदील बारीक करून.
नऊ नंबरच्या बाईनं दोनदा हाक मारली होती,
असं दहा नंबरची सकाळी म्हणाली.
तेवढं मी वहीत घातलं नाही.
कोणत्याच शाईनं.

मिस्टर अॅक्रॉइड चष्मा पुसत म्हणाले,
सूर्यास्त का?
म्हटलं, नाही, रात्र आहे. पहाटेचे चार.
बेरिलनं बोलायला तोंड उघडलं
आणि त्यात बिस्कीट घातलं.

ग्लेनिस, जी वर्षभरात ‘गुड मॉर्निंग’पलीकडे गेली नाही,
जी मेंढराचा केस न् केस वेगळा काढते,
तिनं आपलं पितळी शार्पनर
टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.
तिच्या बोटाला लाल टरफल चिकटलेलं होतं.
मी बघितलं. तिनं पान मिटलं.

आकाश बरंच मोठं निघालं.
दोन वाजेपर्यंत पुरलं.
लाल पेन्सिल आता डब्यात
बहात्तरांच्या रांगेत बुटकी दिसते,
दुकानात तिची एकटी मिळते का, विचारायला हवं.

एवढं झाल्यावर झाडं केली, दगड केले,
गुडघ्यांखालचं गवत अकराही हिरव्यांनी केलं.
झोपलेल्यांतल्या कडेच्या एकाला मात्र
काहीच लावलं नाही.
बेरिल म्हणाली, हा राहिला की गं.
म्हटलं, राहू दे तसाच,
आमचा युनिफॉर्म पांढराच होता.