बाकी सगळं सारखं ठेवून

टेबलावर दोन प्रोसेसर.
एक निळ्या खोक्यातला, एक नारंगी.
मारीच्या बिस्किटाहून लहान,
किंमत विचाराल तर माझ्या दुकानाचं दोन महिन्यांचं भाडं, प्रत्येकी.

सातपूरचे गांगुर्डे डाय बनवतात.
त्यांचा प्रश्न एवढाच:
मॅडम, चांगला कुठला?
म्हटलं, शनिवारी या.

शुक्रवारी रात्री एम. जी. रोडवरची शटरं पडली,
माझं अर्धं.
निफाडकडे म्हणे बागांतून शेकोट्या पेटवल्यात,
द्राक्षांना हुडहुडी भरू नये म्हणून.
आणि इकडे मी पंखा लावून बसलेय
स्वेटर घालून,
नखाएवढ्या जाळाला गार ठेवायला.

तुलनेचा पहिला नियम: बाकी सगळं सारखं.
तीच रॅम, तीच डिस्क, भिंतीतला तोच सॉकेट.
पेस्ट दोघांना तांदळाच्या दाण्याएवढी
(निळ्यावर जास्त पडली, पुसून परत लावली).
बोर्ड मात्र दोन घ्यावे लागले, एकाच्या खाचा दुसऱ्याला बसत नाहीत.
तसं वहीत लिहिलं.
जे सारखं ठेवता आलं नाही, ते लिहायचं. हा दुसरा नियम.

गांगुर्डेंचाच डाय रेंडरला लावला.
निळा: एकतीस मिनिटं, चाळीस सेकंद.
नारंगी: बावीस मिनिटं.
नऊ मिनिटांचा फरक! मी शिट्टी वाजवली,
आणि मग पाठीला गार लागलं.
चहावाल्या पोराला हाक मारायला उघडलेली खिडकी
तशीच राहिली होती.
नारंगी आख्खी परीक्षा वाऱ्यावर बसून देत होता.

पान फाडलं. खिडकी लावली. पुन्हा पहिल्यापासून.

सिडकोतल्या दोन खोल्यांत असा नियम नव्हता.
दहावीला वृंदा एक्याण्णव, दोन वर्षांनी मी चौसष्ट.
अण्णा जेवायच्या आधी दोन्ही गुणपत्रिका
शेजारी शेजारी मांडत,
काही बोलत नसत, फक्त मांडत.
मी वरणात बघायचे.
मनात म्हणायचे, बाकी सगळं सारखं होतं का?
कुणी विचारलं का, खिडकी कुणाची होती?

खिडकी माझी होती.

गिरणीला लागून असलेली भिंत वृंदाची.
रात्री दहापर्यंत पट्टा फिरायचा तिच्या उशीमागे,
सकाळी वहीवर पिठाचा हलका थर,
ती फुंकर मारायची आणि लिहायला लागायची.
पुढे पतपेढीत लागली,
माझ्या डिप्लोम्याची फी तिथल्या पगारातून.
तिची कुठलीच चाचणी मग परत झाली नाही.

हे वहीत लिहिलेलं नाही. वही गिऱ्हाईकांची.

दुसरी फेरी.
निळा एकतीसला दहा सेकंद कमी. नारंगी चोवीसच्या वर.
मग एक साधं काम दिलं,
ज्यात पुढची रेघ मागच्या रेघेवर उभी असते:
त्यात निळा तीन सेकंदांनी पुढे.
नारंगीचे सोळा हात, पण पंधरा रांगेत,
पहिल्याचं कधी उरकतंय बघत.
काही कामं वाटून घेता येत नाहीत,
हे यंत्रालाही आहेच.

पावणेदोनला दोघांना बंद केलं.
झाकणावर हात ठेवला. दोन्ही सारखेच कोमट.

शनिवारी गांगुर्डे आले, हेल्मेट काखेत.
आकडे दाखवले. बोर्ड वेगळे होते हेही.
पहिली फेरी का रद्द केली, तेही.
त्यांनी मान हलवली, आकड्यांवरून बोट फिरवलं,
आणि शेवटी विचारलंच:

म्हणजे नारंगी चांगला?

तुमच्या डायला, म्हटलं.
या खोलीत.
खिडकी बंद असताना.