तेवीस पूर्णांक चार

लारिसा जिल्ह्याची फाइल उघडली
की आधी तारीख, मग तापमान,
मग एक आकडा : त्या दिवशी किती गेले.
नावं नसतात. नावांसाठी रकानाच ठेवलेला नाही.

एकोणीस वर्षं, रोजची एक ओळ.
त्यातून मी एक वक्र काढते.
गाठी कुठे मारायच्या यावरच आठवडा गेला.
फ्लूची साथ वजा, रविवार वजा,
ऑगस्टात सगळे समुद्राकडे पळतात, तेही वजा.
उरतं ते डावीकडे थंडी, उजवीकडे ऊन,
मधे खोलगट,
पाणी प्यायला धरावी तशी ओंजळ.

थंडी दमानं घेते.
जानेवारीत पिनिओस नदीवर धुकं बसतं
आणि कुणाची तरी छाती भरते
ती तीन आठवड्यांनी. मी बोटं मोजत मागे जाते,
एकवीस दिवस, तो एक दिवस शोधत.
ऊन मात्र उधारी ठेवत नाही.
आज त्रेचाळीस,
उद्या-परवा हिशेब चुकता.

स्तामातिस वाकालिस, वय एक्याऐंशी,
रेल्वेतून निवृत्त, तिसरा मजला, पश्चिमेची खिडकी.
पंखा होता. बंद होता.
विजेचं बिल त्याच्याखाली, चार घड्या घालून.
माझ्याकडे तो चोवीस जुलैच्या अकरांमधला एक.
मॉडेल म्हणतं, अकरांतले साडेतीन उन्हाचे.
कुठले साडेतीन, ते सांगत नाही.
यातला अर्धा कोण, असं विचारलं
की ऑफिसात सगळे हसतात. मीही हसते.
संध्याकाळी जिना चढताना
त्याच्या दारावरची पाटी लागते,
अजून कुणी काढलेली नाही.

अथेन्सहून शेरा आला :
तुमचा विश्वासाचा पट्टा फार रुंद आहे.
आहे खरा.

आई गेली तो मे महिना होता.
चर्चच्या घुमटावर करकोचे चोची वाजवत होते,
बाल्कनीत चादर वाळत होती, वारा बेताचा.
नंतर कधीतरी, नको नको म्हणत,
मी ती ओळ काढून पाहिली :
तेवीस पूर्णांक चार.
वक्राचा अगदी तळ,
जिथे आमच्याकडे माणसं सर्वांत कमी मरतात.
विचारलं, यात तुझं किती?
शून्य, म्हणालं मॉडेल.
त्या तळालाही रोज सातेक जण जातातच,
हवेला बोल न लावता.
त्यांची मी बेरीज करते,
त्यांना पाया म्हणते,
आणि बाकी सगळं त्यांच्यावर उभं करते.

उद्या एक्केचाळीस सांगितलंय.
ऑफिसातून येताना अर्धं कलिंगड घेतलं
आणि दुसऱ्या मजल्यावर पोलिक्सेनीबाईंचं दार वाजवलं.
पंखा चालू आहे ना?
‘चालू आहे की,’ आतून म्हणाल्या.
मी दाराला कान लावून उभी राहिले.
आवाज येत नव्हता.