एकशे सतरा

भाचा कल्पेश म्हणाला, मामा, दुकानाचा व्हिडिओ टाक.
पाटी रंगवायला सात हजार जातात,
आणि ती पैलाडच्या पुढं कुणाला दिसत नाही.

मग मी इस्त्रीचा शर्ट घातला.
मागच्या फळीवरचे वार्निशचे डबे पुसून ओळीनं मांडले,
मंडपवाल्याकडून मोठा दिवा आणला
आणि मोबाईलच्या एवढ्याशा भोकाला म्हणालो,
"नमस्कार मित्रांनो, आपलं सहर्ष स्वागत आहे."

कोण मित्र? कसलं स्वागत?
तीस वर्षांत या ओट्यावर
मी कुणाला सहर्ष म्हणालेलो नाही.
गिऱ्हाईक येतं, मोटर आदळतं, म्हणतं, जयी गई.
मी हुंगतो.
जळक्या वासावरून सांगतो
पाणी शिरलं, की फेज गेला,
की कुणी स्टार्टरमध्ये काडी खोचून
रातभर चालवली.

वास व्हिडिओत येत नाही.

पहिला व्हिडिओ चार मिनिटं एकवीस सेकंदांचा.
थ्री फेज, सिंगल फेज, मोनोब्लॉक, पाणबुडी,
गॅरंटी, पत्ता, दोन नंबर, शेवटी एक शेर.
सदतीस वेळा पाहिला गेला,
त्यात अकरा वेळा आमच्याच घरातून.
आवाज माझा नव्हताच.
समोरच्या झुलालअण्णाची पिठाची गिरणी
माझ्या तोंडातून बोलत होती.

दुसऱ्यात डोकं कापलं गेलं.
तिसऱ्यात उजेड पाठीमागून,
मी नुसता काळा आकार,
बातम्यांत ओळख लपवून बोलणारा.
बहीण बेबाबाईनं तिन्ही पाहिले, म्हणाली,
"भाऊ, तू काय इकी ऱ्हायना, हाईच समजत नही."

एप्रिलातली दुपार. वीज गेलेली, म्हणून गिरणी गप्प.
बोरीचं पात्र पांढरं पडलेलं.
अर्ध्या शटरखालून उजेडाचा एक पट्टा
थेट हातांवर.
रईसनं न विचारताच मोबाईल डब्याला टेकवला.
म्हणाला, उस्ताद, बोलू नका. करा.

त्यात दिसतात ते फक्त हात.
डाव्या अंगठ्याचं अर्धं नख,
बाकीचं अर्धं एका टेबलफॅननं नेलेलं.
फॉर्म्यावर तांब्याची तार सरसर,
आणि माझं पुटपुटणं:
एकशे पंधरा, एकशे सोळा, एकशे सतरा,
रस्त्यातून कुणी हाक मारली, मी मान वळवली,

सतरा झाले, की अठरा?

तार बोटांत धरून
मी आठ सेकंद काहीच करत नाही.
मग फॉर्मा उलटा फिरवतो.
सगळं सोडतो.
एक.

रईस म्हणाला, हे कापू?
मी काप म्हणणार होतो.
आपल्या धंद्यातली चूक कोण स्वतः दाखवतो?
पण तेवढ्यात वीज आली, गिरणी सुरू झाली,
त्याला ऐकू गेलं नाही.
रात्री कल्पेशनं तसाच टाकला.
नाव नाही, शेर नाही,
खाली फक्त नंबर आणि पैलाड, अमळनेर.

किती जणांनी पाहिला ते सांगत नाही,
आकड्यांच्या बाबतीत माझी ख्याती आता माहीतच आहे.

बुधवारी शिंदखेड्याकडची एक पिकअप दारात थांबली.
उतरलेल्या माणसानं माझं तोंड पाहिलं नाही,
अंगठा पाहिला.
"तूच ना तो, मोजामा चुकना व्हता?"
म्हटलं, हो.
"मंग हाई घे."
गोणपाटात गुंडाळलेली साडेसात एचपीची पाणबुडी.
वाटेत चार दुकानं सोडून आणलेली.

आता कल्पेशनं तीन पायांचा स्टँड आणलाय.
कॉलरला लावायचा माईकही.
काल मी पूर्ण कॉइल भरली, एकदाही न थांबता.
तो स्क्रीनमध्ये बघत म्हणाला,
मामा, मजा नाही आली.
मागच्यासारखं एकदा चूक ना.

मी मोबाईल पालथा घातला.
एक. दोन.